मॅडमना सापडलेली नोएलभाऊंची जखम

दौंडात माणसाला काय काय आजार असत्यात ते मला तोंडपाठ व्हतं. शुगर, बीपी, गुडघा, आन् इंजिनात जन्म गेलेल्यांचे कान. पण 'वसाहतोत्तर मानसिक आघात' नावाचा आजार आमच्याच गल्लीत येऊन राहिलाय, आन् तो आमच्या नोएलभाऊंना झालाय, हे कळायला पुण्याहून डॉक्टर अंकिता मॅडमना यावं लागलं. डॉक्टर म्हंजी गोळ्या देणाऱ्या न्हाईत, कादंबऱ्या वाचून डॉक्टर झालेल्या. वसाहत म्हणल्यावर मला वाटलं रेल्वे कॉलनीचं काहीतरी काम निघालं. मॅडमनी न चिडता समजावलं की इंग्रज गेले, पण त्यांच्या राज्यानं माणसाच्या मनाला जी जखम केली ती अजून भरली न्हाई, आन् त्या जखमेवर त्या स्वतः एक कादंबरी लिहित्यात. म्हणलं, लिहा की. आमच्या गल्लीत तेवढंच व्हायचं राहिलं व्हतं.

मी गोकुळ. मूळचा केंदूरचा, पण पोट भरलं ते दौंडात. नोएलभाऊ डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर आन् मी त्यांचा असिस्टंट, अशी नऊ वर्सं आम्ही एका केबिनमध्ये काढली. बायकोच्या शेजारी बसलो न्हाई तेवढा ह्या माणसाच्या शेजारी बसलोय. आता दोघंबी रिटायर हाओत, घरंबी एकाच गल्लीत, आन् संध्याकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर.

पूर्ण नाव नोएल सत्यवान केदारी. शिरूरच्या मिशन कंपाउंडातला जन्म, वडील सत्यवान तिथंच शाळेत मास्तर. नाताळात जन्मले म्हणून नोएल. मी गोकुळाष्टमीला जन्मलो म्हणून गोकुळ. माझ्या नावात आजवर कुणाला आघात सापडला न्हाई, ही माझी नशिबाची बाजू म्हणायची.

माणूस शिस्तीचा. रोज बुटाला पॉलिश, रोज दाढी, रविवारी टाय. एसटीच्या कंडक्टरला तिकीट घेतल्यावर थँक्यू म्हणायचे, त्यामुळं कंडक्टर दचकायचा आन् सुट्टे परत मोजायचा. दौंडात एवढं सभ्य वागणं बरं न्हाई, लोकांना संशय येतो. पण आतून साधा गडी. भाकरी मोडून कालवणात कुस्करून खाणारा, देवळात, म्हंजी त्यांच्या चर्चमध्ये, झांज-तबल्यावर भजन म्हणणारा, आन् केबिनमध्ये सिग्नल हुकू न देणारा.

ह्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट कळायची व्हती. बावीस वर्सांमागं आमच्या इंजिनाखाली एक बाई गेली, ती कोण व्हती, एवढंच. ना प्रमोशन पाहिजे, ना पुण्यात फ्लॅट. फक्त ती कोण व्हती.

आन् ते मला ठाऊक व्हतं.

थांबा, मला शिव्या द्यायच्यात त्या पुढं द्या. आधी मॅडमचं सांगतो.

मॅडम चार वेळा आल्या. मोबाइल टेबलावर ठेवायच्या, रेकॉर्डिंग चालू करायच्या आन् मान कलती करून इचारायच्या. तुमचं खरं नाव काय? नोएलभाऊ म्हणाले, नोएल. त्याच्या आधीचं? म्हणाले, आधी मी नव्हतोच. तुम्ही टेबलावर का जेवता? गुडघा वाकत नाही म्हणून. वडलांचं नाव सत्यवान आन् मुलाचं नोएल, ह्यात तुम्हाला तुटल्यासारखं वाटत न्हाई का? नोएलभाऊंनी प्रामाणिकपणे इचार केला आन् म्हणाले की वडलांशी त्यांचं एकदाच वाजलं, ते सायकल हरवली तवा. मॅडमनी ते लिहून घेतलं. स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात, ह्याच्यावर म्हणाले, स्वप्नात सिग्नल दिसतो, तो लाल असतो. मॅडमचे डोळे चमकले. लाल म्हंजी इंग्रजांचा रंग म्हणे. मला इतके दिवस वाटायचं लाल म्हंजी थांबा.

एकदा लिडियावहिनींनी त्यांना जेवूनच जा म्हणून बसवलं. मॅडम बहुतेक केकच्या तयारीनं आल्या व्हत्या. वहिनींनी हुलग्याची शेंगोळी वाढली, वर लसणाचा ठेचा. आता शेंगोळीत साम्राज्य कुठं शोधणार बिचाऱ्या. दोनदा मागून घेतली, तो भाग कादंबरीत आलेला न्हाई.

मी हसतोय खरा, पण एक गोष्ट खरी सांगतो. तुम्हाला काय झालं, असं त्या माणसाला वीस वर्सांत कुणी समोर बसून इचारलं नव्हतं. ना साहेबांनी, ना पाद्रीबाबांनी, ना मी. ते त्या पोरीनं इचारलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुमच्या मनावरचा सगळ्यात मोठा घाव कोणता?" मी चहाचा कप तोंडाला लावलेला. नोएलभाऊंनी हात मांडीवर सरळ ठेवले, ड्युटीवर साहेब तपासायला आल्यावर ठेवायचे तसे, आन् सांगायला लागले.

दुपारचे बारा चाळीस झाले व्हते. नुसतं इंजिन व्हतं आमचं, मागं डबा न्हाई, गार्ड न्हाई. दौंडाहून निघालो, पाटसच्या अलीकडं वळण संपलं आन् बाई दिसली. दोन रुळांच्या मधी उभी. मरायला आलेली का पलीकडं चाललेली, कुणाला ठाऊक. नोएलभाऊंनी हॉर्न धरून ठेवला, ब्रेक टाकला. कुणी हाक मारल्यावर बघावं तसं तिनं वर बघितलं, सरळ त्यांच्या तोंडाकडं. इंजिन काय जागेवर थांबत न्हाई.

आमच्या क्रूमध्ये एक रीत व्हती. असं काही झालं की ड्रायव्हर खाली उतरायचा न्हाई आन् मागं वळून बघायचा न्हाई. असिस्टंटनं जायचं, बघायचं, बाजूला करायचं, आन् वर येऊन सांगायचं तेवढंच ड्रायव्हरनं ऐकायचं. त्याच्यावर एक शब्द जास्ती इचारायचा न्हाई. कारण त्याच ड्रायव्हरला तेच इंजिन पुढं न्यायचं असतं, त्याच रुळावर. पुढच्या स्टेशनात कागद लिहून द्यायचा आन् निघायचं. तर मी उतरलो, परत आलो, नोएलभाऊंनी कागद लिहिला: अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस. पोलिसांनीबी तेच लिहिलं. कुणी आलं न्हाई, बेवारस म्हणून उरकलं.

"ती माझ्याकडे बघत होती, मॅडम," नोएलभाऊ म्हणाले. "तिला शेवटचं दिसलं ते माझं तोंड. आणि मला तिचं नाव माहीत नाही."

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. खोटं न्हाई, खरंच आलं. नाक पुसून त्यांनी इचारलं, "काका, त्या क्षणी ती तुम्हाला कोण वाटली? मातृभूमी?"

"बाई वाटली," नोएलभाऊ म्हणाले.

आता माझं. मी मागं दोनशे पावलं चालत गेलो तवा ती बाभळीखाली पडलेली, आन् जिवंत व्हती. बोलत व्हती. मी तिच्याजवळ बसलो आन् इचारलं कोण गं तू, तर म्हणाली, "निमोण्याची. दगडोबाची सुवर्णा. माझ्या आईला सांगा." नियम असा की जीव असला तर इंजिनात घालून पुढच्या स्टेशनात न्यायचं. मी उचललं न्हाई. हात लावला तर जाईल असं वाटलं, न लावला तरी जाईल असं वाटलं, आन् हा इचार करेपर्यंत ती गेली. उचलली असती तर वाचली असती का? न्हाई. पण मी अंकिता मॅडमसारखाबी डॉक्टर न्हाई, आन् ह्या 'न्हाई'च्या जिवावर मी बावीस वर्सं जेवलोय.

वर चढलो. नोएलभाऊ समोर बघत बसलेले. मी म्हणालो, "जागेवरच गेली. तिला काही कळलं बी न्हाई." त्यांनी डोळे मिटले आन् देवाचे आभार मानले. आता बोला. देवाचे आभार मानलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की ती नाव सांगून गेली? आन् नाव सांगितलं असतं तर सगळ्यांनी इचारलंच असतं की नाव सांगण्याएवढा जीव व्हता तर उचललं का न्हाई. चौकशी लागली असती, दोघांनाबी. पुढच्या स्टेशनात सांगू म्हणलं, तिथं न्हाई जमलं. उद्या सांगू म्हणलं. सांगायला एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी त्या उशिराचंबी कारण द्यावं लागतं, म्हणून तो दिवसबी गेला.

ह्याच्यावरचा कळस ऐका. नोएलभाऊ सुट्टीच्या दिवशी त्या बाईचा शोध घ्यायला निघायचे. टाय लावून. आन् मोटारसायकल कुणाची? माझी. चालवायचा कोण? मी. पाटस, कुरकुंभ, रोटी, गावोगाव पारावर जाऊन हा माणूस नम्रपणे इचारायचा, तुमच्या गावातली कुणी बाई हरवली आहे का? टाय बघून लोकांना वाटायचं मिशनवाले आले, आता देवाचं पुस्तक काढणार. एका गावात तर म्हातारी दार लावून आतून म्हणाली, आमच्याकडं कुणी हरवलं न्हाई, सगळे आमच्या आमच्या देवाकडं सुखी हाओत. मी हँडल धरून उभा. निमोणं नदीपलीकडं, शिरूरच्या बाजूला, तिकडं एकदाबी नेलं न्हाई. नोएलभाऊ म्हणायचे, तिकडं बघू का रे? मी म्हणायचो, तिकडची बाई इकडं कशाला मरायला येईल भाऊ. हे असं माझ्या ह्या तोंडानं म्हणालोय. चार-पाच वर्सांनी त्यांनी जायचं सोडलं, मी सुटलो म्हणलं, आन् त्या रात्रीपासून मला बीपीनं धरलं.

मॅडमची कादंबरी दीड वर्सानं आली. नाव 'दुभंगाचे रूळ'. मुखपृष्ठावर एक माणूस, अर्धा चेहरा पांढरा, अर्धा काळा. नोएलभाऊंनी ती तीन दिवसांत वाचली, पेन्सिल घेऊन, नियमांचं पुस्तक वाचायचे तशी. मग मला दिली. मी म्हणालो सारांश सांगा. तर त्यात नॅथन नावाचा ड्रायव्हर हाय. तो आरशासमोर उभा राहून तोंडाला पावडर लावतो आन् राणीच्या फोटोशी इंग्रजीत बोलतो. नोएलभाऊंनी जन्मात पावडर लावली न्हाई, घामोळ्याची सोडून. बायको त्याला सोडून जाते. हे वाचून लिडियावहिनी दोन दिवस कुणाशी बोलल्या न्हाईत. आन् शेवटी नॅथन स्वतःच रुळावर जाऊन झोपतो, कारण तो ना इकडचा ना तिकडचा.

आन् बाई? बाई हाय की. पान एकशे बारावर. नाव न्हाई, गाव न्हाई, तोंड न्हाई. हिरवी साडी नेसून धुक्यातनं येती आन् धुक्यात जाती. दुपारी बारा चाळीसला, पाटसच्या माळावर, धुकं.

नोएलभाऊंना पावडरीचा राग न्हाई आला, मरणाचाबी न्हाई आला. ते म्हणाले, "गोकुळ, मला वाटलं होतं पुस्तकात छापून आलं तर तिचं कुणीतरी वाचेल. म्हणेल, ही आमची. म्हणून सांगितलं रे मी." म्हंजी ह्या माणसानं ती चार दिवसांची चौकशी, ते नावाचे आन् स्वप्नांचे प्रश्न, सगळं त्यासाठी सोसलं व्हतं. तरीबी मी तोंड उघडलं न्हाई.

मग दौंडात कार्यक्रम ठेवला. वाचनालयाचा हॉल, मागं फ्लेक्स, फ्लेक्सवर अर्धा पांढरा माणूस आन् त्याच्या खाली नगरसेवकाचा पूर्ण पांढरा फोटो. मॅडमनी प्रेमानं नोएलभाऊंना स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. एका पाहुण्यांनी अर्धा तास सांगितलं की आपण सगळेच जखमी हाओत. तिथं बसलेल्यातल्या निम्म्यांना तसं वाटायला लागलंच व्हतं, कारण पंखे बंद व्हते. मी तिसऱ्या रांगेत बटाटेवड्याचा कागद हातात धरून बसलेलो.

मग नोएलभाऊंना दोन शब्द बोलायला उठवलं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. थँक्यू म्हणाले. आन् मॅडमकडं वळून म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे. मला एकच विचारायचं होतं. त्या बाईला तुम्ही नाव का नाही दिलं? कुठलंही चाललं असतं."

मॅडम उठल्या. आवाज मऊ, खरंच मऊ. "काका, ती निनावीच असायला हवी. तिला नाव दिलं तर ती एकच बाई होईल. निनावी आहे म्हणून ती सगळ्यांची आहे." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, मोठ्या.

नोएलभाऊंनी मान हलवली आन् खाली बसले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी सरळ केली न्हाई. तो माणूस शाल सरळ करत न्हाई, हे मी बघितलं. मी उभा कवा राहिलो मलाच कळलं न्हाई.

"सुवर्णा," मी म्हणालो. "निमोण्याच्या दगडोबाची सुवर्णा."

टाळ्या थांबल्या. सूत्रसंचालक कॉलेजातले सर व्हते, मोठे तरबेज. त्यांना वाटलं मी कुणाचं तरी नाव पुकारायला सांगतोय. त्यांनी माइक धरला आन् गोड आवाजात म्हणाले, "निमोण्याच्या सुवर्णाताई सभागृहात कुठं असतील तर त्यांनी कृपया व्यासपीठाकडं यावं." लोक मागं वळून बघायला लागले. दाराकडं. एकानं तर तिच्यासाठी पुढची खुर्ची मोकळी केली. मी त्या खुर्चीकडं बघितलं आन् तिथंच रडलो, साठी उलटलेला बाप्या, वड्याच्या कागदात तोंड घालून.

नोएलभाऊ स्टेजवरून उतरले, पायऱ्यांनी, सावकाश. माझा दंड धरला आन् बाहेर मोटारसायकली लावल्या व्हत्या तिथं नेलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. राग आलेला दिसत व्हता, त्यांचा राग म्हंजी ओठ पांढरे व्हत्यात.

"किती वेळ जिवंत होती?"

म्हणलं, घड्याळ कुठं बघितलं भाऊ. सात-आठ मिनटं असंल.

"अकरा मिनिटं थांबलो होतो आपण," ते म्हणाले. "बारा चाळीस ते बारा एक्कावन्न. मीच लिहिली होती. मेलेल्या माणसाला बाजूला करायला चार लागतात, मला काय माहीत नाही?"

मी म्हणालो, मग इचारलं का न्हाई?

"तू सांगशील म्हणून थांबलो. मग वाटलं, याला सांगता येत नाही म्हणजे यानं काहीतरी बघितलंय. कशाला छळायचं." आन् मग जरा मोठ्यानं म्हणाले, "पण मोटारसायकलवर मागं बसवून फिरवलंस मला, गोकुळ. उलट्या बाजूला. ते मला माहीत नव्हतं." एवढं बोलून चालत घरी गेले. तीन किलोमीटर, शाल हातात घेऊन. आतून मॅडमचा आवाज येत व्हता, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं चालली व्हती.

मला वाटलं संपलं, आता हा माणूस ओट्यावर चढू देणार न्हाई. तर सकाळी सात वाजता माझ्या दारात उभे, टाय लावून. गाडी काढ म्हणाले. चौफुला, पारगावचा पूल, न्हावरं. पुलावर मी म्हणालो, भाऊ, चुकलं माझं. ते म्हणाले, पुढं बघून चालव.

निमोण्यात दगडोबाचं घर इचारलं तर दगडोबा सात वर्सांमागं गेलेला. म्हातारी हाय, विठाबाई. पडवीत बसून झेंडूच्या फुलांची देठं खुडत व्हती, सून पूनम पाटीत भरत व्हती, मार्केटला जायची घाई. टायवाला बघून पूनमनं डोक्यावर पदर घेतला आन् खुर्ची आणली. नोएलभाऊ खुर्चीवर बसले न्हाईत. गुडघा न वाकणारा माणूस, म्हातारीच्या समोर जमिनीवर बसला, एक पाय लांब करून. मीबी बसलो.

सांगायचं मला व्हतं. मी सांगितलं. पाटसचा माळ, तारीख, येळ, बाभूळ, आन् आईला सांगा म्हणाली ते. हे ऐकून पूनमच्या हातातली पाटी खाली आली. म्हातारीचे हात चालूच व्हते, देठ खुडायचे, फूल टाकायचं.

मग तिनं तिच्या बाजूचं सांगितलं. सासरच्यांनी निरोप धाडला व्हता की तुमची पोरगी एका ड्रायव्हरचा हात धरून पळाली. दगडोबानं तिच्या नावानं अंघोळ केली, पोरगी आम्हाला मेली म्हणून. घरात नाव काढायचं न्हाई अशी आण घातली. म्हातारी म्हणाली, बावीस वर्सं मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. एवढी सुखात हाय तर एक कागद पाठवता येत न्हाई का म्हणून. आन् असं म्हणून तिनं हात थांबवले.

कागद तर माझ्याकडं व्हता की. बावीस वर्सं, खिशात नसलेला, पण माझ्याकडंच. मी खाली बघत बसलो, सहनच व्हईना.

मग विठाबाईनं माझ्याकडं बघितलं. "उन्हाची येळ व्हती," म्हणाली. "पाणी मागितलं असंल तिनं. पाजलंस का रं बाबा?"

मागितलं व्हतं. दोनदा मागितलं व्हतं. हे मी नोएलभाऊंनाबी सांगितलं नव्हतं. बाटली वर केबिनमध्ये, नोएलभाऊंच्या पायाशी, दोनशे पावलांवर. मी आणतो म्हणालो आन् हाललो न्हाई, एकटीला टाकून जायची भीती वाटली, का जवळ बसायची भीती वाटली, मला अजून सांगता येत न्हाई. ती बाटली भरलेली तशीच दौंडला परत आली.

मी नुसती मान हलवायला गेलो, व्हय म्हणून का न्हाई म्हणून, मलाच ठाऊक न्हाई.

"पाजलं, आई," नोएलभाऊ म्हणाले. "माझीच बाटली होती. मीच दिली याच्याकडे."

म्हातारीनं दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं, लई येळ. मग मांडीवरची फुलं पाटीत झटकली आन् सुनेला म्हणाली, "पूनम, ह्यांना पाणी दे आधी."